युरोपचा अहवाल नामंजूर

पाहुणी वेळेवर आली, केक वेळेवर झाला, कॉफी तर वेळेच्या आधीच उकळली. फक्त कार्यक्रम चालवणारा माणूस तेवढा आला नाही. त्याची आगगाडी रुळांवर पडलेल्या एका झाडापाशी उभी होती. फोनवर तो म्हणाला, झाड उचलणारी माणसे निघाली आहेत, पण ती मागच्याच गाडीत आहेत आणि मागची गाडी त्याच्या गाडीमागे अडकली आहे.

सात वाजायला दहा मिनिटे होती. डेन्मार्कमधल्या मोलस्ट्रुप गावच्या सभाघरात त्रेचाळीस माणसे बसली होती. लग्ने आणि दफनानंतरची कॉफी सोडली, तर इतकी डोकी युट्टेने गेल्या सोळा वर्षांत तिथे एकत्र पाहिली नव्हती. ‘युरोपचं अर्थकारण आणि बदलतं जग : खुली चर्चा’ असा कागद तिने तीन आठवड्यांपूर्वी दुकानाच्या दारावर चिकटवला होता आणि खाली जरा मोठ्या अक्षरांत ‘केक आहे’ असे लिहिले होते. माणसे कशासाठी आली आहेत हे विचारायच्या भानगडीत ती पडली नाही.

युट्टे ही सभाघराची अध्यक्ष. सोळा वर्षांपूर्वी तिने हे पद ‘फक्त वर्षभरासाठी’ घेतले होते. पद सोडायचे तर वार्षिक सभा भरायला हवी, आणि सभेला पंचवीस सभासद हवेत. या वसंतात तिने तीनदा सभा बोलावली. पहिल्या खेपेला सात जण आले, दुसऱ्या खेपेला सहा आणि तिसऱ्या खेपेला चार. त्या चारांत एक ती होती आणि एक तिचा नवरा प्रेबेन. नुसता राजीनामा द्यावा, तर अध्यक्ष नाही म्हणून सभाघर बंद होणार आणि नगरपालिका तिथे हिवाळ्यात रस्त्यावर टाकायचे मीठ साठवणार. याच लाकडी जमिनीवर युट्टे आपल्या लग्नात नाचली होती. तिथे मिठाची पोती रचलेली तिच्याने पाहवली नसती.

इकडे अंगणात चार वर्षांपूर्वी घेतलेली निजायची-रांधायची सोय असलेली मोटार उभी होती. निवृत्त झाल्यावर दोघांनी तिच्यातून सगळा युरोप पालथा घालायचे ठरवले होते. ती गाडी आजवर तपासणी केंद्रापर्यंत जाऊन परत आली होती, एवढाच तिचा प्रवास. तिच्या उत्तरेकडच्या अंगावर शेवाळ चढले होते. प्रेबेन दर एप्रिलला ते खरवडून काढी आणि विचारी, “यंदा?” आणि युट्टे म्हणे, “निवडणूक झाली की.” यंदा त्याने शेवाळ काढले होते, पण विचारले नव्हते. ते तिला फार लागले होते.

“एव्हाल्ड,” युट्टे पहिल्या रांगेत वाकून म्हणाली, “तो येत नाही. तू जरा वर चढ. दोन शब्दांत स्वागत कर आणि तिला बोलू दे.”

एव्हाल्ड एक्याऐंशी वर्षांचा. गावची शाळा होती तेव्हा तो तिचा मुख्याध्यापक होता. शाळा बंद पडली, पण एव्हाल्ड बंद पडला नाही. पाणीपुरवठा, शिकारी मंडळ, सभाघर, कुठलीही सभा असो, चाळीस वर्षे सभा चालवायला तोच. सभाघराच्या घटनेची पुस्तिका त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात असे; तिथे इतर माणसे पाकीट ठेवतात.

“मला निवडलेलं नाही,” एव्हाल्ड म्हणाला.

“अरे, निवडायचं काय त्यात? नुसतं स्वागत करायचंय!”

“निवडल्याशिवाय मी आजवर कुठे उभा राहिलेलो नाही, युट्टे. लग्नातसुद्धा पाद्र्याने आधी विचारलं होतं.”

घड्याळात सात वाजले. युट्टेने कपाळाला हात लावला आणि मोठ्याने म्हणून टाकले, “सभा चालवायला मी एव्हाल्डचं नाव सुचवते!” हे वाक्य कानी पडताच डेन्मार्कमधला माणूस झोपेतही टाळी वाजवतो. त्रेचाळीस जणांनी वाजवली. पुढे जे झाले त्याचे मूळ या टाळीत होते.

एव्हाल्ड वर गेला. त्याने चष्मा लावला, पुस्तिका काढली आणि घसा साफ केला.

“विश्वासाबद्दल आभार. सभा चौदा दिवस आधी दुकानाच्या दारावर जाहीर झाली होती का?”

“तीन आठवडे!” मागून कोणीतरी ओरडले.

“उत्तम. पंचवीस सभासद हजर आहेत का? कलम चार, जो कॉफीचं तिकीट घेईल तो त्या वर्षापुरता सभासद. कॉफी कोणी घेतली नाही असं आहे का? नाही. पाहुणीने?”

प्राध्यापक हेन्रिएटे लुंडवालने हसून कप उंच धरला. तिने आग्रहाने तिकीट विकत घेतले होते.

“मग चव्वेचाळीस. सभा कायदेशीर आहे असं मी जाहीर करतो.”

हेन्रिएटे बावीस वर्षे युरोपभर व्यासपीठांवर बसत आली होती, पण श्रोते कायदेशीर आहेत की नाहीत हे तपासून चर्चा सुरू होताना तिने प्रथमच पाहिले. तिने कौतुकाने वहीत तशी नोंद केली.

“विषय दुसरा,” एव्हाल्ड म्हणाला. “अहवाल.”

“अरे, भाषण म्हण, भाषण!” युट्टे खालून कुजबुजली.

“घटनेत भाषण नाही,” एव्हाल्डने वरूनच खणखणीत सांगितले. “हेन्रिएटे, सुरू कर.”

हेन्रिएटे छान बोलली. जग आता पूर्वीसारखे राहिलेले नाही, असे तिने सांगितले. अमेरिका जकातीची भिंत चढवते आहे, चीन स्वस्त मोटारी पाठवतो आहे, आणि मध्ये युरोप आपापसांत ठरवत बसला आहे की आधी काय ठरवायचे. युरोपने ऊर्जेच्या बाबतीत स्वतःच्या पायावर उभे राहायला हवे. संरक्षणाचा भार वाटून घ्यायला हवा. कर्ज एकत्र काढायला हवे, निर्णय लवकर घ्यायला हवेत. पस्तीस मिनिटांनी ती थांबली. टाळ्या पडल्या. आता दोन-चार सौम्य प्रश्न, मग फुले, मग घर, हे तिला पाठ होते.

“अहवालावर चर्चा,” एव्हाल्ड म्हणाला. “तॉरकिल्ड.”

तॉरकिल्ड डुकरे पाळतो. तो उभा राहिला की मागच्या दोन रांगांना व्यासपीठ दिसत नाही. त्याच्या हातात केकची कागदी बशी होती आणि तिच्या पाठीवर पेन्सिलीने रेघा ओढलेल्या होत्या.

“तू सतरा वेळा ‘व्हायला हवं’ म्हणालीस,” तो म्हणाला. “मी मोजलं. कोणी करायचं?”

“युरोपने,” हेन्रिएटे म्हणाली.

“युरोपातल्या कोणी? नाव सांग.”

“म्हणजे... सदस्य देशांनी. सगळ्यांनी मिळून.”

सभागृहात हळहळ पसरली. तॉरकिल्डची बायको बोडिल, जिने तो केक केला होता, ती बसल्या जागेवरून मायेने म्हणाली, “अगं बाई, कुंपणाला रंगसुद्धा आम्ही सगळ्यांनी मिळून द्यायचं ठरवलं होतं. येताना बघितलंस ना कुंपण?”

हेन्रिएटेने पाहिले होते. निम्म्या कुंपणाला रंगच नव्हता.

“मुद्दा रास्त आहे,” एव्हाल्ड म्हणाला. “‘व्हायला हवं’ हे इतिवृत्तात लिहिता येत नाही. नाव लागतं आणि तारीख लागते. ऊर्जेच्या बाबतीत स्वतःच्या पायावर. कधीपर्यंत?”

“दोन हजार पन्नासपर्यंत, असं उद्दिष्ट—”

“तारीख?”

“...एकतीस डिसेंबर?”

“लिहून घ्या,” एव्हाल्ड म्हणाला.

“आणि माझं काय?” तॉरकिल्ड अजून उभाच होता. “माझ्या डुकरांचे कान चीनला जातात. जग बदललंय हे तिकडच्या गिऱ्हाइकाला तुझ्या आधी कळलं, त्याने कान मागवणं निम्म्यावर आणलं. तेव्हा बदललंय ते मला नको सांगूस. कान कुठे पाठवू ते सांग.”

सगळे सभागृह हेन्रिएटेकडे पाहू लागले. तिने वहीची पाने उलटली. तिच्याकडे अडतीस तक्ते होते आणि एकातही कानांचा रकाना नव्हता. शेवटी तिने वही मिटली.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली.

“हे बरं झालं!” तॉरकिल्ड खूश होऊन खाली बसला. “इतकं स्पष्ट अजून कोणी सांगितलं नव्हतं.”

पुढचा अर्धा तास सभा अशी रंगली, की बोडिलला दुसऱ्यांदा केक कापावा लागला. एकाने विचारले की सत्तावीस देशांत चाव्या कोणाकडे असतात. दुसऱ्याने जकातीवर असा तोडगा काढला की हेन्रिएटेने तो खरोखरच उतरवून घेतला. ती बाही वर सारून व्यासपीठाच्या कडेवर पाय सोडून बसली होती आणि हातवारे करून भांडत होती. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी आपण भांडताना इतक्या सुखी असतो, याचा तिला पत्ताच नव्हता.

“अहवाल मताला टाकतो,” एव्हाल्डने जाहीर केले. “बाजूने?”

बारा हात वर झाले. त्यातला एक युट्टेचा होता. पाहुणीला वाईट वाटू नये म्हणून.

“विरुद्ध?”

एकतीस. त्या एकतिसांत एक हात खुद्द हेन्रिएटेचा होता. सभेचे म्हणणे तिला पटले होते.

“युरोपचा अहवाल नामंजूर,” एव्हाल्ड म्हणाला आणि त्याने पान उलटले. “कलम नऊ. अहवाल नामंजूर झाल्यास कार्यकारिणी बरखास्त समजावी आणि त्याच सभेत नवा अध्यक्ष निवडावा.”

युट्टे ताडकन उठली. “एव्हाल्ड, शुद्धीवर ये! हा आपला अहवाल नाहीये, हा युरोपचा—”

वाक्य तिथेच थांबले. सभा कायदेशीर. चव्वेचाळीस सभासद. कार्यकारिणी बरखास्त. कार्यकारिणी म्हणजे कोण? कार्यकारिणी म्हणजे ती! तिने सावकाश मान वळवून कॉफीच्या किटल्यांपाशी उभ्या असलेल्या प्रेबेनकडे पाहिले. प्रेबेनला हे तिच्या आधी कळलेले दिसत होते, कारण तो ॲप्रनची गाठ सोडत होता.

“युरोपचा काय?” एव्हाल्डने विचारले.

“काही नाही,” युट्टे म्हणाली आणि खाली बसली. “चालू दे तुझं.”

“मग अध्यक्षपदासाठी नावं यावीत.”

आणि मोलस्ट्रुपमध्ये निवडणुकीच्या वेळी जे होते तेच झाले. सगळ्या माना एकदम खाली गेल्या. या क्षणी ज्याची नजर वर राहील त्याच्या गळ्यात पद पडते, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. त्यामुळे जो तो आपल्या बुटांकडे अशा जिव्हाळ्याने पाहू लागला, की जणू आजच पायांत आले आहेत. युट्टेही गुडघ्यांकडे पाहत होती. आता कोणीच मिळाले नाही तर पुन्हा तीच. कलम अकरा.

व्यासपीठावरून हेन्रिएटेला बेचाळीस टाळू दिसत होत्या. कोणाचे काही हरवले की काय, असे तिला वाटले. विचारावे म्हणून तिने बोट वर केले.

“मी सुचवतो!” तॉरकिल्डने आरोळी ठोकली.

“अनुमोदन!” बोडिलने ती खाली पडू दिली नाही.

“आणखी नावं?” एव्हाल्ड म्हणाला. “नाहीत. हेन्रिएटे लुंडवाल बिनविरोध. हुर्रे करू या.”

तीन छोटे आणि एक लांबलचक हुर्रे झाले. छपराखालच्या पाकोळ्या उडाल्या.

“थांबा, थांबा!” हेन्रिएटे बोट तसेच धरून म्हणाली. “मी कशावर निवडून आले?”

“सभाघराची अध्यक्ष,” एव्हाल्डने सांगितले. “नाव लिहिलंय. तारीख आजची.”

आता युट्टेची खरी परीक्षा होती. गप्प बसली असती तर काम झाले असते. पण सोळा वर्षांत तिने कोणाला फसवले नव्हते आणि आज सुरुवात करायची तिची तयारी नव्हती. ती व्यासपीठापाशी गेली.

“हेन्रिएटे, हे सगळं चुकून झालंय,” ती म्हणाली. “ही सभा नव्हतीच, नुसती चर्चा होती. एव्हाल्डला दुसरं काही येत नाही, आणि मी मध्येच तोंड मिटलं, कारण मला सुटायचं होतं. तू नाही म्हण. कोणी राग धरणार नाही.”

मागे प्रेबेनने डोळे मिटून घेतले.

“अध्यक्षाला काय करावं लागतं?” हेन्रिएटेने विचारले.

“चाव्या सांभाळायच्या. मंगळवारी गरम पाण्याची टाकी बघायची. महिन्यातून एकदा गावजेवण. आणि लोकांना कामाला लावायचं. ते काही जमत नाही, म्हणून मग सगळं आपणच करायचं.”

हेन्रिएटेने वही बाजूला ठेवली. मग तिने सगळ्यांकडे पाहिले.

“बावीस वर्षं मी युरोपवर बोलते आहे,” ती म्हणाली. “लोक टाळ्या वाजवतात, फुलं देतात आणि गाडी पकडायला पळतात. आजवर माझं भाषण कोणी नामंजूर केलं नव्हतं. कारण मंजूर-नामंजूर करण्याइतकं कोणी ऐकलंच नव्हतं! मी शहरात राहते, इथून सव्वा तासावर. मंगळवारी मला तास नसतो. टाकी कुठे आहे?”

पुढचे हुर्रे एव्हाल्डने मोजले नाहीत, असे म्हणतात.

दुसऱ्या दिवशी युट्टेने अकरा पाने सूचना लिहून हेन्रिएटेला दिल्या आणि शनिवारी सकाळी मोटार निघाली. निघाली म्हणजे आधी निघालीच नाही. मग तॉरकिल्डने मागून खांदा लावला, बोडिल, एव्हाल्ड आणि नवी अध्यक्ष मदतीला आली आणि उतारावर इंजिनाने एकदाचा हुंकार दिला. प्रेबेन बेसूर गात होता. युट्टे चर्चपर्यंत हात हलवत राहिली आणि चर्चच्या पुढे दहा किलोमीटर आनंदाने रडली.

जर्मनी झाला, ऑस्ट्रिया झाला. जूनच्या मध्याला स्लोव्हेनियातल्या एका तळ्याकाठी त्यांनी मुक्काम ठोकला. पाणी हिरवे, डोंगर निळे, शेजारच्या तंबूतले डच जोडपे रोज चेरी आणून देई. प्रेबेनला यापेक्षा जास्त काही नको होते. युट्टे मात्र दिवसातून दहा वेळा फोन उघडून बघे.

“आज मंगळवार,” ती म्हणे. “टाकीचा. तिचा फोन कसा आला नाही?”

“म्हणजे सगळं ठीक असेल.”

“तेच तर म्हणते मी! सात आठवड्यांत एकदाही? टाकीच्या तिसऱ्या वाल्वचं काय करायचं, हे माझ्याशिवाय जगात कोणाला माहीत नाही!”

शेवटी तिच्याने राहवले नाही. प्रेबेन सॉसेज भाजत असताना तिने स्वतःच फोन लावला.

“युट्टे!” पलीकडून हेन्रिएटेचा आवाज आला. मागे हातोड्यांची ठोकाठोक चालली होती. “कशी आहेस?”

“मी मजेत. ते तिसऱ्या वाल्वचं तुला सांगायचं राहिलं होतं.”

“तो तॉरकिल्डने बदलला. नाव आणि तारीख लिहून भिंतीवर लावली, झालं काम.”

“बरं. आणि गावजेवण? माणसं येतात ना थोडीफार?”

“मागच्या शुक्रवारी बहात्तर. खुर्च्या कमी पडल्या. त्याच दिवशी मला ब्रुसेल्सला परिषद होती, पण मी कळवून टाकलं की जमणार नाही, बटाटे माझ्याकडे आहेत.”

“छान. फारच छान. म्हणजे मार्चच्या वार्षिक सभेपर्यंत तू रेटशील तर.”

“हो, पण मार्चनंतर कठीण दिसतंय बाई,” हेन्रिएटे हसत म्हणाली. “अध्यक्षपदासाठी आत्ताच पाच जणांनी नावं दिली आहेत. एव्हाल्ड म्हणतो, गावात पहिल्यांदाच मतपत्रिका छापाव्या लागणार. तो तर दहा वर्षांनी लहान झालाय!”

“पाच?” युट्टे उठून उभी राहिली. “मोलस्ट्रुपमधले? कोण कोण?”

“तॉरकिल्ड आहे, बोडिल आहे—”

“एकाच घरातून?”

“एकमेकांविरुद्ध. जेवायलासुद्धा वेगवेगळे बसतात.”

युट्टेने फोन खिशात टाकला. मग तिने वाळत घातलेले टॉवेल भराभरा ओढून काढले, टेबल मिटले आणि खुर्च्या गाडीत टाकायला सुरुवात केली. तिचे गाल लाल झाले होते आणि प्रेबेनने तिला इतक्या उत्साहात कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

“पाऊस येतोय का?” त्याने चिमटा हातात धरून विचारले.

“मी उभी राहतेय.”

“कशाला?”

“अध्यक्षपदाला! सोळा वर्षं ज्या खुर्चीकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं, तिच्यासाठी आता नवरा-बायको भांडतायत. बोडिलला साधी किटली धरता येत नाही! चल, ते सॉसेज घे कागदात. वाटेत खाऊ.”

“अगं, निवडणूक मार्चमध्ये आहे. हा जून चाललाय. आपलं इटलीचं—”

“पाच जण उभे आहेत, प्रेबेन,” युट्टे ड्रायव्हरच्या सीटवर चढत म्हणाली. “प्रचाराला वेळ लागतो.”